पाणी न घालण्याचं काम

माझे मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी वस्तीत त्यांना अजून 'पाणीमामा' म्हणतात. वस्तीला पाणी सोडायचं काम त्यांचं. कमरेएवढी लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते पहाटेच घराबाहेर पडत. रस्त्यातलं झाकण उचलायचं, चावी खाली सोडून व्हॉल्व्हच्या डोक्यात बसवायची आणि सावकाश फिरवायची. घाई केली तर पाणी पाइपाला धडक मारतं आणि कुठला तरी जुना जोड सुटतो. मग पुढची गल्ली, पुढचं झाकण. पाणी वेळेवर आलं तर मामांचं कोणी नाव काढत नसे. जरा उशीर झाला की खिडक्या-खिडक्यांतून तोफखाना सुरू. "मामा, झोपलात का? अंघोळी राहिल्यात इकडे!" मामा अंगात ताप असला तरी जात. एखादी गल्ली तहानलेली राहिली तर त्यांना घास गोड लागत नसे.

अशा माणसाच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीत, मामीनं जेडची रोपं वाढवली होती. जाड, चकचकीत पानांची, बुटक्या झाडांसारखी. चहाचं आधण ठेवलं की ती एखादं पान दोन बोटांत धरून दाबून बघायची. टणक लागलं की हात पुसून कामाला. पान बारीक सुरकुतलेलं, जरा लिबलिबीत लागलं की कुंडी सिंकमध्ये ठेवून तळाच्या भोकातून पाणी वाहू लागेपर्यंत ओतायची, पूर्ण निथळू द्यायची आणि परत खिडकीत ठेवायची. त्यानंतर त्या कुंडीकडे ती ढुंकून बघत नसे. मामांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्या वेळी ते रस्त्यावर असत, आणि निवृत्तीनंतरही सवयीनं गल्ल्यांतून फिरत.

मामी गेली आणि कुंड्या मामांच्या हाती आल्या. त्यांनी त्या मनापासून सांभाळल्या. रोज पहाटे उठून, एकही खाडा न करता, प्रत्येक कुंडीला पाणी. खालच्या बशीत साचलेलं पाणीही ते फेकत नसत. म्हणायचे, "राहू दे, दुपारी लागेल त्यांना."

पहिलं रोप पिवळं पडलं, मऊ झालं. मामांना वाटलं, तहान लागली असेल. पाणी वाढवलं. पानं टपाटपा गळली. दुसऱ्याचंही तसंच झालं. खिडकीत एकेक कुंडी नुसत्या मातीची उरू लागली. शेजारच्या काकू भांडी विसळता विसळता म्हणाल्या, "अति तिथे माती म्हणतात ना, मामा, ती तुम्ही कुंड्यांत भरून ठेवलीय." मामांनी खिडकी लावून घेतली.

ही बातमी ताईला, म्हणजे त्यांच्या मुलीला, लागायची ती लागलीच. ती दुसऱ्या शहरात असते. फोनवर ती काही गोड बोलली नाही.

"बाबा, किती उरलीत?"

"एक."

"एक? आईनं खिडकी भरून ठेवली होती! पुढच्या महिन्यात येतेय मी. ती कुंडी घेऊन जाणार."

मामांनी लगेच मला बोलावून घेतलं. मी कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करते, म्हणजे मला सगळंच दुरुस्त करता येतं असा त्यांचा समज आहे. मी गेले तेव्हा ते त्या कुंडीसमोर खुर्ची टाकून बसले होते.

"उभ्या वस्तीला पाणी पाजलं मी," ते म्हणाले. "आणि हे वीतभर झाड माझ्याच्यानं जगत नाही? ती घेऊन गेली तर काय राहिलं तुझ्या मामीचं या घरात? कपडे वाटले, भांडी वाटली. एवढंच होतं."

"मामा, तुम्ही पाणी फार घालता."

"पान मऊ झालंय, दिसत नाही तुला? तहान लागलीय त्याला!"

मी एका पानाला बोट लावलं. पान दाबायच्या आतच निखळून माझ्या हातात आलं. आत नुसता पाणचट गर.

"तहानलेलं पान सुरकुततं, पातळ होतं, पण फांदी सोडत नाही," मी म्हटलं. "हे कुजलंय. मऊ दोन्ही लागतात. तुम्ही प्रत्येक वेळी तहानच समजलात."

मामा चिडले. "अगं, आयुष्यभर लोक माझ्या दारात भांडायला आले. पाणी आलं नाही म्हणून आले, कमी आलं म्हणून आले, उशिरा आलं म्हणून आले. पण जास्त आलं म्हणून कधी एक तरी माणूस आला का? सांग!"

मी वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी उपडी केली. माती वरून कोरडी, खाली चिखल. मुळं काळी पडलेली, नाकाला झोंबणारा वास. बुंधा अर्धा तपकिरी झाला होता. शेंड्याकडची एक फांदी तेवढी आतून हिरवी निघाली. ती कापून मी कोरड्या ताटलीत ठेवली.

"आता हिला पाण्यात घालू?" मामांनी ग्लास आणलाच होता.

"नाही. जखम सुकू द्यायची."

"मग मातीत लावून थोडं पाणी?"

"नाही, मामा. काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे मी करायचं काय?"

"काही करायचं नाही, हेच करायचं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना बिनपगारी कामाला लावलं होतं.

पुढचे दिवस आमच्या दोघांच्याही डोक्याला ताप होते. कामावर मशीन उघडून बसले की मामांचा फोन. "पान वाकलं." "वाकू द्या." "सुरकुती पडली." "पडू द्या." एकदा संध्याकाळी मी न सांगता गेले, तर ताटली ओली.

"मामा!"

"शिंपडलं फक्त. शिंपडणं म्हणजे काय पाणी घालणं नव्हे."

मी ताटली पुसली आणि मागे वळून बघितलं, तर ते भिंतीकडे तोंड करून उभे. रागानं की कशानं, कळलं नाही. "तिला तहान लागलीय आणि मी नळाशेजारी बसून नुसतं बघायचं," ते म्हणाले. "हे काम मला येत नाही. मला हे कोणी शिकवलंच नाही."

पण त्यानंतर त्यांनी हात आवरला. कसा, ते त्यांनाच माहीत. कापलेल्या टोकावर खपली धरली. पानांचा तजेला गेला, म्हाताऱ्या बोटांसारखी ती आकसली. मग एके सकाळी त्यांनी फोन करून नुसतंच विचारलं, "गुलाबी दोरा फुटलाय. हा रोग तर नाही ना?" मूळ होतं ते. आम्ही ती फांदी खडीमिश्रित कोरड्या मातीत लावली. "आता?" म्हणाले. "अजून थोडं थांबा," मी म्हटलं. त्यांनी फोन आपटावा तसा कुंडीच्या काठावर हात आपटला.

नेमकी तेव्हाच ताई आली. खांद्यावरची बॅग न उतरवता ती थेट खिडकीशी गेली.

"हे काय? आईच्या झाडाची ही काडी केलीस? बाबा, पानं बघ कशी झालीत! पाणीपण घालत नाहीस?"

तिनं नळ सोडला, ग्लास भरला आणि कुंडीकडे वळली. मामा खुर्चीवरून उठले, इतक्या चटकन ते उठू शकतात हे मला माहीत नव्हतं. तिच्या हातातून ग्लास घेतला आणि घटाघटा स्वतःच पिऊन टाकला.

"हात लावायचा नाही," ते तोंड पुसत म्हणाले. "मुळं नवीन आहेत."

ताई माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं एक पान दोन बोटांत धरलं, अगदी मामीसारखं, आणि हलकेच दाबलं. पान सुरकुतलेलं होतं, पण जागचं हललं नाही.

"घट्ट धरून आहे," ती म्हणाली. बॅग खुर्चीवर टेकवली. परत गेली तेव्हा कुंडी खिडकीतच होती. "प्रवासात मोडेल," एवढंच कारण तिनं सांगितलं.

ती गेल्यावर मी म्हटलं, "आता घाला पाणी. मुळांनी माती धरलीय."

मामांनी कुंडी सिंकमध्ये ठेवली. नळ इतका सावकाश फिरवला, जणू खाली जुना पाइप असावा. तळातून पाणी आलं, थांबलं, निथळलं. कुंडी खिडकीत गेली.

"परत कधी?"

"पान सांगेल."

"पान सांगेल म्हणे!" मामा खुर्चीत धपकन बसले. "माणसं निदान शिव्या तरी देत होती."