पहिलं तिचंच दप्तर

कर्वेनगरच्या आमच्या मराठी शाळेत तिसरीसाठी चित्रांच्या पुस्तकांचं खोकं आलं, तेव्हा मी ते घेऊन आलेल्या एका संस्थेच्या तरुणीला विचारलं, "हे कुणाच्या अहवालासाठी?"

ती हसली. "अहो बाई, वेगवेगळ्या रंगांची, वेगवेगळ्या चेहऱ्यांची मुलं आहेत यात. वाचून दाखवा, मुलांशी बोला. एवढंच."

एवढंच म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. आठवड्याभरात फोटो मागतील, हे मी धरूनच चालले होते. शिवाय रंगाचा विषय आपणच काढून मुलांच्या डोक्यात नसलेलं कशाला भरायचं?

खरं तर ते डोक्यात होतंच. वर्गात एक काळी मुलगी होती. तिचे वडील चंद्रपूरकडून इथे कारखान्यात कामाला आलेले. मुलं तिला रंगावरून चिडवायची. मला ऐकू यायचं. मी "शांत बसा" म्हणायचे आणि पुढचा धडा घ्यायचे.

एका पुस्तकात तिच्याच रंगाची, कुरळ्या केसांची मुलगी सायकल शिकत होती. ते पुस्तक ती रोज मागायची. एका शुक्रवारी ते सापडेना. मी थेट तिच्या बाकापाशी गेले.

"दप्तर उघड."

तिने वह्या, डबा, कंपास एकेक करून बाकावर ठेवलं. पुस्तक नव्हतं.

"बाई, माझंच दप्तर काहून?"

"तू सारखं मागतेस म्हणून."

पण पहिल्या बाकावरचा गोरा मुलगाही रोज मागायचा. त्याचं दप्तर बघावं असं मला सुचलंही नव्हतं.

मधल्या सुट्टीत शेजारच्या वर्गाच्या बाई पुस्तक घेऊन आल्या. "सकाळी तुमच्या टेबलावरून नेलं, सांगायचं राहिलं हो."

सुट्टीनंतर मी वर्गासमोर उभी राहिले. "मी हिच्यावर उगाच संशय घेतला. हिचा रंग बघून घेतला. चुकले मी."

"बाई, तुम्हीपण?" मागून कुणीतरी म्हणालं. मग मुलं बोलायला लागली. कोण तिला काय म्हणायचं, कुणाची आई उन्हात खेळू देत नाही, कुणाला कसली क्रीम लावतात. ती मात्र दप्तर मांडीवर घट्ट धरून बसली होती.

शाळा सुटताना मी पुस्तक तिच्यापुढे धरलं. "घरी ने. सोमवारी आण."

तिने हात मागे घेतले. "नको बाई. हरवलं तर?"

वर्षभरात तिने ते घरी नेलं नाही. वाचायची, ते माझ्या टेबलाशी उभी राहून, मला दिसेल असं.