मावशीचे अजगर

माझी मावशी तशी प्रेमळ बाई आहे. दारात आलेल्या मांजराला ती दूध देते, पत्ता चुकलेल्या माणसाला बसवून पाणी देते. पण सहा पायांच्या कुणालाही तिच्या घरात थारा नाही, आणि आठ पायांच्या तर अजिबात नाही. उंदराचे पाय चारच असले तरी त्याला तिने किड्यांतच धरलं आहे.

पानगळ सुरू झाली, की बाहेरचे सगळे जीव ऊब शोधत घराकडे निघतात. उन्हाच्या भिंतीवर वास मारणारे चपटे किडे जमतात, ठिपक्यांचे लाल किडे खिडकीच्या चौकटीत दाटीवाटीने बसतात, मुंग्या स्वयंपाकघराची पाहणी करून जातात. मग मावशी कंबर कसते. भिंतीला टेकलेली लाकडं लांब हलवते. नळाचा पाइप जिथून आत शिरतो तिथल्या भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबते, म्हणजे उंदराचं दातांचं काम थांबतं. जाळी फाटली असेल तर तिला चक्क रफू करते. आणि संध्याकाळी घरातले सगळे दिवे लावून मला बाहेर पिटाळते.

"उजेड कुठून कुठून दिसतोय ते सांग!" आतून हुकूम येतो.

मी अंगणात कुडकुडत ओरडते, "मागचं दार, खाली, डावीकडे!" की आतून एक चिंधी सरकते आणि तिथला उजेड विझतो. शेजारी आम्हाला वेडं समजतात. समजोत बापडे. त्यांच्या घरी किडे आहेत.

मावशीचं खरं हत्यार म्हणजे तिचे अजगर. ती पडदे आणि गाद्या शिवते, त्यामुळे घरात जाड कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. त्यांच्या तिने दाराच्या रुंदीएवढ्या लांब पिशव्या शिवल्या, आत वाळू आणि कापूस ठासला, आणि प्रत्येक दाराच्या फटीला एकेक आडवा घातला. एक फुलाफुलांचा, एक पट्ट्यापट्ट्यांचा, एक कुणाच्या तरी दिवाणखान्यातल्या मखमलीचा. हा मखमली अजगर मागच्या दाराशी असतो आणि मी हमखास त्यालाच अडखळते.

आता काकांबद्दल. मावशीचे यजमान रेडिओ दुरुस्त करायचे. डबा न उघडता, नुसती खरखर ऐकून ते सांगायचे की आत काय बिघडलंय. मी नोकरीसाठी या दोघांकडे राहायला आले, तेव्हाच्या पहिल्या पानगळीत घरात एक रातकिडा शिरला होता. मावशीने लगेच काचेचा पेला आणि एक पुठ्ठा उचलला. काका खोलीच्या मधोमध उभे राहिले, डोळे मिटले आणि एक बोट वर केलं. त्या बोटासरशी आम्ही श्वाससुद्धा रोखला. बोट हळूहळू फिरलं आणि थांबलं.

"कपाटामागे. खालच्या अंगाला."

मावशी सरपटत गेली, पेला पालथा घातला, खालून पुठ्ठा सरकवला आणि पाहुण्याला अंगणात सोडून आली. कान त्यांचे, हात तिचे. दोघं अशी खूश झाली होती, की लग्नाच्या फोटोतसुद्धा मी त्यांना तितकं खूश पाहिलेलं नाही.

मग काकांचे कान हळूहळू गेले. आधी बारीक आवाज गेले, मग दुकान गेलं. एका संध्याकाळी पाहुणे बसले होते आणि कुठेतरी रातकिडा ओरडत होता. "केवढा किरकिरतोय हो!" पाहुणे म्हणाले. काका प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत नुसतेच हसले. मावशीने ते हसू पाहिलं. पुढच्या वर्षी तिने घराची अशी काही नाकेबंदी केली, की मुंगीलाही शिरायला वाव राहिला नाही. लोकांना वाटलं, बाईला स्वच्छतेचं खूळ लागलंय. मलाही तसंच वाटलं होतं. पण घरात रातकिडाच नसला, तर तो ऐकू येत नाही हे कुणाच्या लक्षात येणार?

कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. काकांनी ते जेमतेम आठवडाभर घातलं. "सगळंच एकदम बोंबलतं. आणि ऐकण्यासारखं आहे काय?" म्हणाले, आणि मशीन खणात गेलं. तेव्हापासून काका आमच्याबरोबर जेवायला बसत, पण आमच्यात नसत. काही विचारलं की मान हलवत, न विचारलं तरी हलवत. मावशी एकदा पडद्याला टाके घालता घालता मला म्हणाली, "अगं, माणूस समोर बसलाय आणि मला त्यांची आठवण येते. हे असंच चाललं ना, तर एक दिवस मीही बोलायची थांबेन." मावशी बोलायची थांबेल, ही कल्पना मला करवेना.

या वर्षी मावशीने अजगरांना ऊन दाखवायचं ठरवलं. सगळे अंगणातल्या कठड्यावर ओळीने मांडले, काठीने झोडपले आणि ऊन उतरल्यावर आत आणून जागच्या जागी ठेवले. मखमलीवाल्याची शिवण एका टोकाला दोन बोटं सुटली होती, हे घाईत तिच्या नजरेतून सुटलं. नंतर दार लावलं आणि आम्ही जेवायला बसलो.

पहिल्या घासालाच ते सुरू झालं. किर्र, किर्र, किर्र.

मी मावशीकडे पाहिलं. तिने डोळे असे वटारले, की मी घास न चावताच गिळला. जणू काही झालंच नाही असं दाखवत तिने चमचा पातेल्यावर आपटायला सुरुवात केली. मग पाण्याचा तांब्या आपटला. मग ती माझ्या ऑफिसची चौकशी इतक्या मोठ्यांदा करू लागली, की शेजाऱ्यांनाही माझा पगार कळला असता.

बाई एक गोष्ट विसरली. काकांना यातलं काहीच ऐकू जात नव्हतं. तिने झाकलं होतं ते आमच्या कानांपासून! पण काकांचे डोळे शाबूत होते. आमच्या माना पुन्हा पुन्हा एकाच बाजूला वळतायत, हे ते बघत होते.

"काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो," मावशीने जोरजोरात हात हलवले.

काका ताटावरून उठले. मावशीचा चेहरा पडला. मला वाटलं, रागावले, आता खोलीत जाऊन दार लावून घेणार. पण ते खणाशी गेले. मशीन काढलं, फुंकर मारली, कानात बसवलं आणि बराच वेळ त्याच्याशी झटापट करत राहिले. मावशीच्या हातातला चमचा तेवढ्यात पुन्हा पातेल्यावर पडला.

"हळू गं बाई!" काका कळवळले. "स्वयंपाकघर आहे की लोहाराचं दुकान?"

मावशी जागच्या जागी थिजली. काका खोलीच्या मधोमध गेले, डोळे मिटले आणि त्यांचं बोट वर आलं.

मी श्वास रोखला. बोट फिरलं, खिडकीशी थांबलं. चुकलं! आवाज तर मागच्या दाराकडून येत होता. मावशीने ओठ घट्ट मिटले होते, पण तिने दाराकडे बोट दाखवलं नाही, हूं की चूं केलं नाही. काकांनी मान तिरकी केली, दोन पावलं मागे आले, पुन्हा थांबले. बोट खिडकीवरून निघालं, भिंतीवरून सरकत सरकत मागच्या दाराशी आलं आणि खाली झुकलं.

त्यांनी डोळे उघडले आणि तोंडभर हसले.

"अगं, तुझ्या अजगराच्या पोटात आहे तो! तूच आणलंस त्याला, काखेत मारून!"

मावशी आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम करायला लागली. "माझ्या अजगराच्या पोटात? माझ्या?" असं म्हणत ती पेला आणि पुठ्ठा शोधत सगळीकडे फिरली, आणि पेला तिच्या हातातच होता. शेवटी जमिनीवर बसून तिने टाके आणखी थोडे उसवले, काका वरून "डावीकडे, डावीकडे, अगं तुझ्या डावीकडे!" असं ओरडत राहिले, आणि काळाकभिन्न रातकिडा पेल्यात आला. नियम म्हणजे नियम. मावशीने त्याला अंगणात नेऊन सोडलं.

ती परत आली तेव्हा काका ताटावर बसले होते. मशीन कानातच होतं.

"हं," ते मला म्हणाले, "आता सांग, तुझ्या ऑफिसात काय चाललंय?"

मावशीने मखमली अजगर उचलून तिच्या शिलाई मशीनशेजारच्या खुंटीला टांगला. "उद्या शिवते," म्हणाली. चार टाक्यांचं काम. दिवसाला तीन-तीन पडदे शिवणारी बाई ती. पानगळ संपली, झाडं उघडी पडली, अजगर अजून खुंटीलाच आहे. मागच्या दाराखाली बोटभर फट आहे. मी एकदा आठवण केली, तर म्हणाली, "दोरा नाही त्या रंगाचा."

आणि रोज संध्याकाळी काका मशीन घालून जेवायला बसतात, मावशी तोंडाला खळ न पाडता बोलते, आणि मधेच कुठेतरी किर्र झालं, की ते बोट वर करतात.