खळग्यातला थर

थोरवाल्डला आपल्या मोठेपणाविषयी फारसे भ्रम नव्हते. लिमफियोर्ड खाडीच्या तळावरून लोखंडी जाळं ओढत त्यानं पन्नास वर्षं काळे शिंपले काढले. त्यात दोन्ही गुडघे गेले; शाबूत राहिलं ते फक्त तोंड. तेच नडलं.

समुद्रतळाशी शिंपल्यांचे थर कसे साचतात आणि पुढे त्यांचे जीवाश्म कसे होतात, याचा अभ्यास करणारी रागनहिल्ड एकदा बंदरावर म्हातारे मच्छीमार कॉफी पीत बसायचे त्या खोपीत आली.

"तुम्ही लोकांनी सगळा तळ ढवळून ठेवलाय," ती म्हणाली. "आजोबांचा शिंपला नातवाच्या डोक्यावर! न खरवडलेली एक तरी जागा उरलीय का?"

बाकीचे म्हातारे कॉफीच्या कपात बघू लागले. थोरवाल्ड मात्र छाती काढून म्हणाला, "टेकडीखालचा, पाण्यातला खळगा. शिंपल्यांची पिल्लं तिथे वाढू द्यायची, हा माझ्या बाबांनी मी जन्मायच्या आधी घातलेला नियम. आजवर तिथे कुणी जाळं टाकलेलं नाही."

हे तो इतकी वर्षं सांगत होता, की त्याचं त्यालाही खरं वाटायला लागलं होतं. एकोणऐंशी सालची ती धुक्यातली सकाळ त्याला आठवली ती थरांचा नमुना काढायची रागनहिल्डची नळी खळग्याच्या चिखलात घुसल्यावर. म्हणजे नेहमीसारखी, वेळ टळून गेल्यावर.

पुढचे दोन महिने त्याला अन्न गोड लागलं नाही. बायको एस्टरनं वाढलेली हेरिंग मासळी तो नुसतीच काट्यानं उलथीपालथी करायचा.

"सांगून टाक तिला," एस्टर म्हणाली. "बिचारीचं वर्षाचं काम तुझ्या बढाईवर उभं आहे."

"आणि बाबांचं नाव?"

"ते धुक्यात गेलास तेव्हा आठवलं होतं का?"

रागनहिल्ड नमुन्याचा निकाल घेऊन खोपीत परत आली. तिनं कागद उघडण्याआधीच थोरवाल्ड उभा राहिला. "मी टाकलं होतं जाळं. एकोणऐंशीत. एकदाच. धुकं होतं."

मग कोपऱ्यातून म्हातारा एगॉन खाकरला, "मी ब्याऐंशीत. धुकंच होतं."

आणखी दोन हात वर झाले. नियम आपण एकट्यानंच मोडला, या समजुतीत चौघं जण एकमेकांसमोर चाळीस वर्षं ताठ मानेनं कॉफी पीत आले होते. थोरवाल्डला स्वतःचंच हसू आलं. पाप करतानासुद्धा आपल्याला काही वेगळं सुचलं नाही!

रागनहिल्ड मात्र चिडली नाही. "तारखा मिळाल्या, बरं झालं. वरचा चुरा तुमचा. त्याखाली थर नीट लागलेत. पण अजून खाली खरवडल्याची आणखी एक खूण आहे, पंचावन्न सालच्या आसपासची. ती कुणाची?"

पंचावन्न साली थोरवाल्ड पाच वर्षांचा होता. त्या वेळी बंदरात लोखंडी जाळं ओढू शकेल अशी इंजिनाची होडी एकच होती. सगळ्यांच्या नजरा भिंतीवरच्या फोटोकडे गेल्या. ज्यानं नियम घातला, तो त्यात टोपी घालून करारी चेहऱ्यानं उभा होता.

थोरवाल्ड कप घेऊन फोटोखाली बसला आणि त्यानं हळूच विचारलं, "बाबा, त्या दिवशीपण धुकंच होतं का हो?"