जीभ पाहणाऱ्या नर्सबाई

नर्सबाई नाव विचारायच्या आधी जीभ पाहायच्या. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यात होतं. तिथून जंगलातल्या वाटेने चालत आमच्या गावी यायच्या, पदराने घाम पुसायच्या आणि फर्मान सोडायच्या, "दाखव." गावातल्या बाया नव्या सुनेचं तोंड पाहत, या जीभ.

माझी लालभडक, गुळगुळीत निघाली. मला पाचवा महिना, आणि मी लहानपणापासूनची दमेकरी. आई दम्यानेच गेलेली. पोटातल्याला तो लागू नये, एवढा एकच घोर. बाईंनी पिवळ्या गोळ्या काढल्या. "रक्ताच्या हायेत."

रक्ताच्या, आणि पिवळ्या? मी काय दूधखुळी होते? या गोळ्यांनी दमा वाढतो, असं मी स्वतःच ठरवलं आणि रोजची गोळी सासूबाईंच्या कोंबडीला घातली. कोंबडी टवटवीत, मी पांढरीफटक.

आठ दिवसांनी बाई हजर. "गिळतं का फेकतं वो?"

"गिळते की."

"तुही जीब तसं नाई म्हणत."

तेव्हापासून समोर उभं राहून गिळायला लावत, वर बोटाने गाल चाचपत. संशयात माझ्याही वरताण! चुलीवरचं झाकण उचलून डोकावत. आमच्यात चवळाईची भाजी उकडून, पिळून पाणी फेकायची रीत. "कस सारा नालीत, चोथा पोटात! काऊन करता असं?" म्हणत त्यांनी ते हिरवं पाणी मला पाजलं.

त्या गेल्यावर सासूबाई कुजबुजल्या, "करणी तं नाई करत ही?" मला लगेच पटलं.

मुलगी झाली. ती तीन महिन्यांची असताना बाईंची बदली सिरोंच्याकडे झाली. निरोपाला आल्या तेव्हा मी धीर करून विचारलं, "बाई, हिले दमा तं नाई होणार? एवढ्या गोळ्या खाल्ल्या मी."

त्या म्हणाल्या, "मले नाई मालूम. तुह्यं रक्त भरलं, ते मी पाह्यलं. दम्याचं कोणी पक्कं सांगन, तं त्याच्यावर भरोसा नको ठेवू."

लेकीला दमा लागला नाही. का, ते सांगायला मी जात नाही. आता नात पोटुशी आहे. भाजीतलं नि त्या गोळ्यांतलं द्रव्य म्हणजे फोलेट, असं ती सांगते. त्याचा बाळाच्या दम्याशी काही संबंध आहे का, यावर म्हणे शिकलेल्यांचंही अजून एकमत नाही.

"आजी, मग गोळी घेऊ ना?"

"डॉक्टरनं दिलीय ना? घे. रक्तासाठी घे. दम्याचं मला ठाऊक नाही."

हे असं तोंडावर कबूल करणारं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं, आणि तिलाच मी सात-आठ महिने चेटकीण समजत होते.