सोमादादांची नजर

आश्विनातल्या दुपारी जव्हारमधल्या माझ्या खोलीत दोन वास एकमेकांत मिसळतात: ओल्या तैलरंगांचा उग्र, रेंगाळणारा वास आणि खिडकीबाहेरच्या उतरणीवर ओंब्या भरत आलेल्या भाताचा कोवळा, दुधाळ गंध. शाळेत चित्रकला शिकवून उरलेल्या वेळात मी या खोलीत माणसांचे चेहरे रंगवत असतो. ज्यांच्या हातांतून, ज्यांच्या सोबतीने माझे आयुष्य घडत गेले, त्यांचे. आश्रमशाळेत भाकऱ्या थापणाऱ्या मावशी, गावातली म्हातारी सुईण, आणि सोमादादा.

सोमादादा दाभोसा ते जव्हार जीप चालवायचे. लहानपणी मी त्यांच्याच जीपने शाळेला यायचो. नागलीच्या पोत्यांमध्ये अंग चोरून मागे बसलेल्या आम्हा मुलांना त्यांची मान, एक खांदा आणि वरच्या छोट्या आरशात त्यांचे डोळे, एवढेच दिसायचे. प्रत्येक वळण संपले की ते डोळे क्षणभर आमच्यावरून फिरत, कुणी कलंडले तर नाही ना, कुणाला मळमळत तर नाही ना, हे पाहत आणि पुन्हा रस्त्याकडे वळत. बाहेर दरी धुक्याने काठोकाठ भरलेली असे, आणि आम्ही त्या नजरेच्या भरवशावर निर्धास्त डुलक्या घेत असू.

गेल्या वर्षी याच दिवसांत, भरलेली जीप घेऊन येताना त्यांच्या छातीत कळ आली. त्यांनी गाडी सावकाश कडेला घेतली, इंजिन बंद केले, हातब्रेक ओढला आणि स्टिअरिंगवर डोके टेकले. दादांना झापड आली असेल, असे समजून माणसे गप्प बसून राहिली. कुणाच्या अंगावर ओरखडाही उमटू न देता ते निघून गेले होते.

त्या हिवाळ्यात मी त्यांचे चित्र काढले. समोर ठेवायला धड फोटो नव्हता, आठवणच पुरली. कपाळ, गालांची हाडे, खुरटी पांढरी दाढी सारे हळूहळू उतरत गेले, आणि डोळे आले ते आरशातलेच: थेट, समोरच्याला सांभाळून घेणारे. शिमग्याच्या आधी दाभोशाला जाऊन मी ते चित्र त्यांच्या पत्नीला, जानकीवहिनींना, दिले. त्यांनी पदराला हात पुसून ते घेतले आणि भिंतीवर त्याच्यासाठी जागा केली.

चैत्रात, उन्हाने माळ पांढरा पडला असताना, त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या. जुन्या लुगड्यात गुंडाळलेले चित्र काखेत होते. डोळ्यांखाली जागरण साचले होते.

“सर, यांचे डोळे फिरवा,” त्या म्हणाल्या.

“का वहिनी? बरोबर नाही आले?”

“बरोबर आले म्हणून तं सांगते. त्यांचेच हायेत. पण मी चुलीपुढं बसते, ते बगतात. जेवते, ते बगतात. जिते होते तवा असं कदी बगितलं नाय माझ्याकडं. दमून यायचे, खाली मान घालून जेवायचे न् झोपायचे. गाडीत तुमच्याकडं बगत असतील असं.” त्यांनी चित्र माझ्यापुढे धरले. “आता माझ्याकडं बगतात, तं मी काय बोलू त्यांच्याशी?”

ज्या नजरेने आमचे बालपण तोलून धरले, ती त्यांच्या वाट्याला संसारभर आली नव्हती, आणि मी ती त्यांच्या भिंतीवर अचानक उघडून ठेवली होती. मी रंग कालवला. त्या शेजारी बसून होत्या. बुबुळे मी डाव्या अंगाला थोडी सरकवली, त्यांतले प्रकाशाचे पांढरे थेंब हलवले. एखाद्या माणसाला त्याच्याच घरात तोंड फिरवायला सांगावे, तसे मला वाटत होते. पाहता पाहता दादा आमच्यातून दूर गेले.

“आता रस्त्याकडं बगतात,” वहिनी म्हणाल्या. रंग वाळल्यावर त्या येऊन चित्र घेऊन गेल्या.

परवा मी पुन्हा दाभोशाला गेलो. सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर चित्र टांगलेले होते. दाराजवळ, जिथे उजेड पडतो, तिथे एक पाट होता, मी त्यावर बसणार, तोच वहिनी घाईने म्हणाल्या, “तिथं नका बसू, सर. इकडं बसा.”

मी खांबाला टेकून बसलो. त्यांनी चहा दिला, भाताचे सूप उचलले आणि त्या स्वतःच त्या पाटाकडे गेल्या. बसण्याआधी त्यांनी कपाळावरची बट मागे सारली, डोक्यावरचा पदर नीट केला. मग मान खाली घालून त्या पाखडू लागल्या. चित्राकडे त्यांनी एकदाही वर पाहिले नाही. दादांची डावीकडे वळलेली नजर सबंध घर ओलांडून नेमकी त्या पाटावर येऊन थांबत होती.

सुपातून उडालेला कोंडा उन्हात तरंगत राहिला. बाहेर कुठेतरी पाणी वाहत होते. चहा अजून निम्मा उरला होता, आणि आपण इथून उठावे, या दोघांना एकटे सोडावे, असे मला सारखे वाटत राहिले.