कॅरियरवरच्या सुट्या लायटी

ओतूरमधलं माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली. तरी जुनी मंडळी भेटली की एकेक किस्सा निघतोच. वाईट एवढंच, की प्रत्येक किश्शात गाढव मीच असतो!

दोन हजार आठ-नऊची गोष्ट. एलईडी लायटी तेव्हा नवीनच होत्या. माझा मित्र सोपान याचा मळा येडगाव धरणाकडं. वाट खडकाळ, त्याच्या फोर-बाय-फोर जीपचे हेडलाइट मिणमिणते, आणि बायकोला सातवा महिना.

"भाऊ, वर कॅरियरवर दोन लायटी टाका. दवाखान्यात जायची वेळ काय सांगून येती व्हय?"

दिवसा कॅरियरवर चाऱ्याचे भारे असायचे, म्हणून लायटी सुट्या हव्या होत्या. मी क्लॅम्प बसवले. खटका दाबला की लाइट हातात!

संध्याकाळी ट्रायल घेतली, तर लायटींची तोंडं खाली. सगळा उजेड बोनेटवर!

"राव, रस्ता दिसत न्हाई," सोपान म्हणाला, "पण बोनेटवरची माशी लई झकास दिसती!"

मागच्या सीटवरून त्याचे वडील बोलले, "मंग माशीलाच इचारा रस्ता." आबांचं सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, त्यांना माझ्या वायरिंगचं कौतुक नव्हतं.

*

मला मात्र त्या खटक्याचं भारी कौतुक. एसटी स्टँडसमोर जीप लावून मी दहा-पंधरा जणांना डेमो दिला. "बघा, एका हातानं निघते!"

मग आम्ही चहाला गेलो. परत आलो तर एक लाइट गायब!

"शिकवणी लई चांगली घेतली, भाऊ!" सोपान एवढंच म्हणाला. मी पदरची लाइट आणून दिली. तेव्हापासून तो दिवसा दोन्ही लायटी पिशवीत घालून सीटखाली ठेवायचा.

*

पुढं एकदा लायटी काढायच्या राहिल्या, आणि जुन्नरच्या बाजारपेठेत त्यानं हॉर्न दाबला, तर भर दुपारी लायटी लागल्या. नवी लाइट बसवताना वायरी मीच उलट जोडल्या होत्या! समोरचा हातगाडीवाला डोळ्यांवर हात धरून ओरडला, "पावणं, तोंडानं सांगा की, मी सरकतो!"

वायरिंग सुधारायला जीप पुन्हा माझ्याकडं आली.

*

इथून पुढचं मित्र सांगत नाहीत. मीच सांगतो, आणि अजून मान वर होत नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या मामेभावाची वरात होती. नवरदेवाच्या गाडीवर काय झगमगाट होईल, असं मनात आलं. सोपानच्या पिशवीतून लायटी काढल्या आणि रिकामी पिशवी घडी घालून सीटखाली सरकवली. सकाळी परत ठेवू, त्याला काय कळतंय! सोपान आला, "झालं ना सगळं?" म्हणाला आणि जीप घेऊन गेला.

वरातीत मी त्या लायटींसमोर घामाघूम होईपर्यंत नाचलो.

सकाळी सोपान दुकानात आला. हातात जिलेबीचा पुडा.

"पोरगी झाली, भाऊ. जीपमधीच. दोघी बऱ्या हायेत."

मी विचारलं, "आणि... वाट?"

"आबा हातात बॅटरी घिऊन म्होरं चालत व्हते. पार डांबरीपतुर."

त्यानं पहिली जिलेबी मला दिली. मग बगलेतली लायटींची रिकामी पिशवी काढून काउंटरवर ठेवली.

"ही न्यायची राहिली व्हती तुमच्याकडनं."