तीन बोटांची भाकरी

मैत्रिणींनो, घरी आल्या आल्या लिहितेय.

आज दुपारी औरंगपुऱ्यात आम्ही भुकेलेल्यांना घरोघरून आलेल्या भाकरी वाटत होतो. शेवटच्या भाकरीवर थापणाऱ्या हाताची चाराऐवजी तीनच बोटं उमटली होती. कडबा कापताना माझ्या आईचं एक बोट गेलं होतं. तिची भाकरी अश्शीच दिसायची. आईला जाऊन वीस वर्षं झाली.

ती भाकरी पदराआड लपवावीशी वाटली. पण समोर एक म्हातारे बाबा उभे होते.

"द्या ना ताई, सकाळधरनं उपाशी हाय."

दिली.

पहिल्याच घासाला ते म्हणाले, "ओवा घातलाय व्हय हिच्यात?"

लहानपणी माझं पोट दुखायचं, म्हणून आई घालायची.

कुठल्या घरातून ती भाकरी आली, कुणालाच सांगता येईना. तुमच्यापैकी कुणी पाठवली होती का? सांगा ना. मी अजून जेवले नाही.